उद्याच्या पाण्याचा घोर

नळाची तोटी उघडी सोडायची, खाली स्टीलची रिकामी घागर ठेवायची आणि मगच अंथरुणाला पाठ टेकायची, हा माझ्या सासूबाईंचा २०१६ सालातला नेम होता. पाणी सुटले तर घागरीच्या बुडावर धार आपटेल आणि त्या आवाजाने घर जागे होईल, एवढीच त्यामागची आशा होती. लातूरच्या आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात नळ कोरडेच राहिले. तरीही घागर रोज रात्री ठेवली जात असे आणि सकाळी तशीच रिकामी उचलली जात असे. सामान्य माणसाचे सुख म्हणजे काय, असा विषय निघाला की मला सर्वांत आधी ती घागर आठवते.

‘सुख मानण्यावर असते’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. ते मला पटत नाही, आणि त्या उन्हाळ्यानंतर तर मुळीच पटत नाही. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण आटले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते. पाच माणसांहून अधिक जणांनी टाकीपाशी जमायचे नाही, असा तो आदेश होता. त्याच महिन्याच्या २० तारखेला संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय आनंद दिवस असतो, हे मला पुढे कधीतरी वाचताना कळले आणि वाचता वाचता डोळे भरून आले. घरटी दोनशे लिटर पाणी आठ-दहा दिवस पुरवायचे, हे गणित सांभाळणाऱ्या बाईने नेमके काय मानावे म्हणजे ती सुखी होईल?

तहान भागत होती, हेही खरे आहे. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली; सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले, आणि पुढे त्या फेऱ्या पावसाळ्यापर्यंत चालू राहिल्या. ज्यांनी हे घडवून आणले त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. उसाला किती पाणी द्यावे हा वाद मोठा आहे आणि तो झालाच पाहिजे, पण आज मला सांगायचे आहे ते वेगळे. पाण्याच्या टंचाईने आमच्याकडून सर्वांत जास्त काही हिरावून घेतले असेल, तर ते मनाचे निवांतपण. टँकर कधी येईल, त्या वेळी घरी कोण असेल, पिंपात किती उरले आहे, हा हिशेब दिवसभर डोक्यात चालू असे, आणि त्यामुळे मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष देताना, नवऱ्याशी बोलताना, अगदी देवापुढे हात जोडतानाही मन पिंपापाशीच घुटमळत असे. शेजारच्या काकूंशी माझे वीस वर्षांचे चांगले संबंध एका हंड्यावरून तुटता तुटता राहिले. पाहुणे येणार असे कळले की पोटात गोळा येई.

आपल्याकडे घरी आलेल्या माणसापुढे आधी पाण्याचा तांब्या ठेवतात. चहाचे नंतर विचारतात. त्या मे महिन्यात माझी नणंद आली तेव्हा सासूबाईंनी स्वतःच्या लेकीपुढे अर्धा पेला पाणी ठेवले. ठेवताना त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. नणंदेने दोन घोट घेतले आणि उरलेले पाणी, कोणी काही न म्हणता, स्वयंपाकघरात नेऊन झाकून ठेवले.

म्हणून मी मनापासून असे मानते की सामान्य माणसाचे सुख म्हणजे उद्याचा घोर नसणे. ते एकट्याच्या समजूतदारपणावर उभे राहत नाही. वेळेवर पाणी सोडणारा कर्मचारी, न फुटलेली जलवाहिनी, राखलेले धरण, महिन्याच्या ठरल्या तारखेला हाती पडणारा पगार, अशा अनेकांच्या नेकीने केलेल्या कामावर ते उभे असते. ज्याच्या घरातली टाकी भरलेली आहे त्याने रिकाम्या पिंपाच्या घराला समाधानाचे धडे देऊ नयेत, असे मला कळकळीने वाटते.

त्याच वर्षी पावसाने मनावर घेतले आणि मांजरा भरले. दिवाळीला नणंद पुन्हा आली. सासूबाईंनी काठोकाठ भरलेला तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि फराळाची ताटे काढायला त्या आत वळल्या. नणंदेने घोटभर पाणी पिऊन, बोलता बोलता, तांब्यातले उरलेले पाणी तुळशीला घातले. आम्ही सगळे गप्पांत होतो. तिकडे कोणाचे लक्षही गेले नाही.