गुऱ्हाळाला नावं ठेवू नका

मराठी मालिका लांबतात आणि लांबता लांबता नासतात, एवढं म्हटलं की कोल्हापुरातून उत्तर येतं: लांबू देत की! मोरेवाडीच्या चित्रनगरीत दिवे लागलेत, आसपासच्या गावांत पोरांच्या हाताला काम आहे, ‘तुझ्यात जीव रंगला’मधला वसगड्याचा वाडा बघायला गाड्या भरभरून माणसं येत होती. आणि वर ठेवणीतलं वाक्य: तुम्ही तिकडं जर्मनीत बसून काय सांगताय?

तिकडं बसूनच सांगतो.

लांबीवर माझा राग नाही. जर्मनीत ‘लिंडेनश्ट्रासे’ १९८५ ते २०२० चालली. पण आठवड्याला एकच भाग, एकूण १७५८. आपल्या आठवड्याला सहाच्या गतीनं तेवढा ऐवज साडेपाच वर्षांत उडाला असता. ‘चार दिवस सासूचे’नं ११ वर्षांत ३००० च्या वर भाग केले. म्हणून वर्षं मोजू नका, दिवसाला किती मिनिटं चित्रित होतात ते मोजा. रविवारी रात्री सव्वाआठला लागणाऱ्या ‘टाटोर्ट’ या जर्मन गुन्हेमालिकेला दीड तासाच्या भागासाठी चित्रीकरणाचे साधारण २२ दिवस मिळतात, म्हणजे दिवसाला चारेक मिनिटं. आपल्याकडं अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून २२ मिनिटं उरतात आणि ती एका दिवसात उरकावी लागतात.

त्यातून काय होतं ते बघा. मालिका सुरू होताना हाताशी आधीच चित्रित करून ठेवलेल्या पंधरा-वीस भागांची बँक असते. सणाच्या सुट्ट्या, पाऊस, कलाकाराचे नाटकाचे दौरे, एखाद्याचं आजारपण यात बँक दोन भागांवर येते. मग सकाळी लिहिलेला सीन दुपारी मोबाईलवर सेटवर पोचतो. पहिला बळी आउटडोअरचा, कारण युनिट हलवायचं तर चार तास गेले. मळा, नदी, बाजार सगळं हॉलमध्ये येतं. घरातली आठ माणसं एका ओळीत उभी राहतात. एक वाक्य पडलं की आठ चेहरे, प्रत्येकी तीन सेकंद, म्हणजे २४ सेकंद. तेच तीनदा फिरवलं की ७२. अशी चार वाक्यं पडली की पाच मिनिटं भरली, आणि लेखकाला काही लिहावंच लागलं नाही. यात दिग्दर्शकाला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याच्या जागी कुणीही हेच करेल.

मग गुरुवारी टीआरपी येतो. आकडा घसरला की ट्रॅक वळवायचा. लग्नाला आकडा चढतो हे सगळ्यांना माहीत, म्हणून लग्न लावायचं. हळद, मेंदी, संगीत (संगीत आपल्या गावाकडं कधीपासून?), रविवारी दोन तासांचा विवाह विशेष. पुन्हा आकडा चढवायचा तर पुन्हा लग्न हवं, त्यासाठी आधीचं मोडायला हवं, आणि ते मोडायला कुणाची तरी स्मृती जायला हवी. लोक याला लेखकाचा वेडेपणा म्हणतात. वेडेपणा कसला, हिशेब आहे तो.

यालाच लोक ‘मालिकेचं गुऱ्हाळ’ म्हणतात. बाकीच्यांनी म्हणावं, कोल्हापूरकरानं म्हणू नये. काहिलीत रस उकळताना मळी वर येते, ती भेंडीच्या चिकट पाण्यानं धरून काढतात. रस आटत जातो तसा बुडबुड्यांचा आकार बदलतो, आवाजही. गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का बघतो. ११८ अंशांच्या आसपास काहील उतरलीच पाहिजे. उशीर झाला तर गूळ काळपट, करपट. घाई झाली तर रवा, म्हणजे गुळाची ढेप, धरत नाही, पाघळतो. तिथं काहील कधी उतरवायची हे सांगणारा एक माणूस असतो आणि त्यानं ‘उतरवा’ म्हटल्यावर मालकसुद्धा थांबत नाही. मालिकेत हा माणूसच नाही. वाहिनीला आकडा येतोय तोवर चालवायची असते. निर्मात्याचा सेटचा खर्च सुरुवातीलाच झालेला, तो वसूल होऊन कमाई सुरू होते ती पुढच्या भागांत. कथा लिहिणारा, पटकथा लिहिणारा, संवाद लिहिणारा, तिघं वेगळे. शेवट कुठं आहे हे तिघांनाही माहीत नसतं, म्हणून पहिल्या महिन्यात पेरलेलं रहस्य उघडायची कुणाची हिंमत होत नाही.

राहिला हाताला कामाचा मुद्दा. या धंद्यात पैसे नव्वद दिवसांनी मिळण्याची रीत आहे, आणि आकडा पडला की मालिका पंधरा दिवसांत गुंडाळतात. ही कसली नोकरी? दोनशे भाग आधी ठरवून केले, ते संपले की त्याच चित्रनगरीत दुसरी मालिका उभी केली, तर तीच पोरं, तेच दिवे, आणि कधी मोकळं व्हायचं हे आधी माहीत.

इथं कुणी म्हणेल की ‘टाटोर्ट’ घरटी महिन्याला भरलेल्या १८.३६ युरोंच्या प्रसारण शुल्कावर चालते, तिला जाहिराती लागत नाहीत. खरं आहे. पण जाहिरातींवर चालणाऱ्या आरटीएल या खासगी जर्मन वाहिनीवर ‘गुटे त्सायटेन, श्लेष्टे त्सायटेन’ ही मालिका १९९२ पासून आठवड्याचे पाच दिवस चालूच आहे, तिथंही माणसं हॉलमध्ये उभीच असतात. हे उदाहरण माझ्या अडचणीचं आहे, म्हणून इतका वेळ काढलं नव्हतं.

मालिका उतरणीला लागली हे मला कथेवरून कळत नाही, भाषेवरून कळतं. कोल्हापूरची म्हणून आणलेली नायिका सुरुवातीला ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणते, आपल्याकडच्या बायका म्हणतात तसंच. मोठ्या माणसाला ‘जेवलासा का’ विचारते. मग संवादलेखक बदलतो. चारशेव्या भागात तीच बाई ‘मी जाते’ म्हणायला लागते आणि कोल्हापूर उरतं ते एका ‘लगा’पुरतं. हे कुणी ठरवून करत नाही. रोजच्या घाईत जे सोपं, सगळीकडं चालणारं, ते तोंडात बसतं.

श्टुटगार्टात पुण्या-नाशिकच्या मैत्रिणींत बोलताना माझंही तेच झालंय. हो, मी बाई आहे. वर ‘सांगतो’ वाचून बाप्या वाटलो असेन तर तुम्ही कोल्हापूरचे नाही. पण हेही खरं की पहिल्या खर्ड्यात दोन ठिकाणी ‘सांगते’ झालं होतं. ते खोडलं.