दहाचे सहा पदर करणारा रस्ता

रस्ता रुंद करणं म्हणजेच विकास असेल, तर ओसाका आणि कोबे जोडणारा राष्ट्रीय मार्ग ४३ मागासच ठरेल. दहा पदरी होता, सहा पदरी केला! वाचलेल्या जागेत झाडं लावली, आवाज अडवणाऱ्या भिंती उभ्या केल्या. मला हा जपानमधला सगळ्यात शहाणा रस्ता वाटतो. पण हे शहाणपण सरकारला आपणहून सुचलेलं नाही, लोकांनी कोर्टात भांडून ते त्याच्या गळी उतरवलंय.

खाली हा रस्ता, डोक्यावर हानशिन द्रुतगती मार्गाचा उन्नत पूल, दोन्ही बाजूंना घरं. रात्रभर ट्रक. (वाटेतल्या आशिया नावाच्या शहरातले गडगंज लोक वर डोंगरउतारावर राहतात, हेही सांगून ठेवतो.) १९७६ साली रहिवाशांनी खटला भरला. मध्येच, १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंप झाला आणि कोबेच्या फुकाए भागात ६३५ मीटर लांबीचा पूल खांबांसकट आडवा झाला. तो फोटो जगानं पाहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, तो मात्र किती जणांना ठाऊक आहे? न्यायालयानं भरपाई मंजूर केली, पण आवाज आणि धूर थांबवण्याचा आदेश द्यायला नकार दिला. का, तर रस्ता सार्वजनिक उपयोगाचा आहे. मला हे पटत नाही. त्रास सोसण्याच्या पलीकडचा आहे हे मान्य करायचं आणि वर पैसे घेऊन सोसत राहा म्हणायचं, हा कुठला न्याय?

पूल सप्टेंबर १९९६ मध्ये पुन्हा पूर्ण सुरू झाला, त्याच जागी. एवढी मोठी संधी चालून आली होती, ती घालवली असं माझं स्पष्ट मत आहे.

याच रस्त्यावरच्या आमागासाकी शहरातले, वेगळा खटला लढणारे दम्याचे रुग्ण मात्र हटले नाहीत. जानेवारी २००० मध्ये कोबे जिल्हा न्यायालयानं त्यांना भरपाई तर दिलीच, शिवाय हवेतल्या सूक्ष्म कणांवर मर्यादाही घातली. त्याच वर्षाअखेर तडजोड झाली, तेव्हा या आजारी माणसांनी भरपाईवर पाणी सोडलं. बदल्यात मागितलं काय? प्रदूषण कमी करण्याचे उपाय.

त्यानंतरचा एक उपाय मला फार आवडतो. मोठ्या ट्रकनी वस्तीतला मार्ग सोडून समुद्राकडच्या वानगान मार्गानं जावं म्हणून तिथला टोल त्यांच्यासाठी कमी केला. ना बंदी, ना दंड. इतकी साधी गोष्ट, पण ती सुरू व्हायला २००१ साल उजाडलं. पहिला खटला १९७६ चा होता.