खेळाडू विद्यार्थ्यांच्या हजेरीबाबत खुलासा

महाविद्यालयाच्या संघात निवड झाली की वर्गातील हजेरीची अट आपोआप माफ होते, असा संदेश विद्यार्थ्यांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. सवलत मिळते ती साधारणतः अधिकृत स्पर्धेच्या आणि त्यासाठीच्या प्रवासाच्या दिवसांपुरती, तीही आधी लेखी कळवल्यास. शिवाय हजेरी लावली गेली, तरी बुडालेले प्रात्यक्षिक त्यामुळे पूर्ण होत नाही, ही गोष्ट संदेशात गाळली आहे आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान तिथेच होते. म्हणून स्पर्धांचे वेळापत्रक हाती येताच प्राध्यापकांना भेटून प्रात्यक्षिकाची व चाचणीची पर्यायी तारीख ठरवून घ्यावी.