पिवळ्या बल्बच्या बाजूने फिरणारा संदेश: मुद्देनिहाय प्रतिवाद

साध्या तारेच्या बल्बवर, म्हणजे ज्याला आपण सगळे पिवळा बल्ब म्हणतो त्याच्यावर, युरोप-अमेरिकेत घातलेली बंदी हा ग्राहकांवरचा अन्याय आहे, असे सांगणारा एक लांबलचक संदेश गेली कित्येक वर्षे थोड्याफार फरकाने फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: बल्बची उष्णता वाया जात नाही, ती खोली उबदार ठेवते, कंपन्यांनी संगनमत करून बल्बचे आयुष्य मुद्दाम घटवले आणि आता त्याच कंपन्या महागडे दिवे गळ्यात मारत आहेत, नव्या दिव्यांत विषारी पारा असतो, एलईडीचा उजेड डोळ्यांना घातक असतो, एलईडी तयार करण्यातच इतकी ऊर्जा खर्च होते की बचत कागदावरच राहते, आणि कोणी कोणता दिवा लावावा हे ठरवण्याचा सरकारला अधिकार नाही. शेवटी ‘मिळतील तेवढे बल्ब आत्ताच घेऊन ठेवा’ असे आवाहन आहे. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या रागामागे काही खरी कारणे आहेत, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच त्यातल्या मुद्द्यांना एकेक करून उत्तर द्यायला हवे.

उष्णतेच्या मुद्द्यापासून सुरुवात करू. बल्बमधली टंगस्टनची तार सुमारे २,८०० केल्व्हिनपर्यंत तापते, तेव्हा ती उजळते. या तापमानाला तापलेला कोणताही पदार्थ सर्वाधिक किरणे १,००० नॅनोमीटरच्या आसपास सोडतो, आणि माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचेच दिसते. त्यामुळे दिलेल्या विजेपैकी जेमतेम पाच ते दहा टक्के विजेचा उजेड होतो आणि उरलेली सगळी उष्णता बनते. तार आणखी तापवली तर उजेडाचा वाटा वाढतो, पण टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून झिजू लागते. जुन्या बल्बच्या काचेला आतून धरलेली काळपट झाक ही त्या तारेचीच वाफ असते. म्हणजे हा दोष एखाद्या कारखान्याचा नाही. तापवून उजेड मिळवण्याच्या पद्धतीतच तो आहे.

आता ती उष्णता उपयोगी पडते का? थंडीच्या दिवसांत, बंद खोलीत, थोडीफार पडते, हे मान्य करायला हवे. जर्मनीत एका अभियंत्याने २०१० साली ७५ आणि १०० वॉटचे बल्ब ‘छोटे हीटर’ या नावाने विकायला काढले होते, ते याच युक्तिवादाच्या जोरावर. परंतु बल्ब छताजवळ असतो, ऊब हवी असते ती खाली बसलेल्या माणसाला. तेवढ्याच विजेवर चालणारा उष्मापंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणणारे यंत्र, साधारण तिप्पट उष्णता देतो. आणि उन्हाळ्यात हीच उष्णता बाहेर काढण्यासाठी पंखा नाहीतर वातानुकूलन यंत्र लावावे लागते, म्हणजे एकाच खोलीसाठी दोनदा वीज जाळली जाते. ज्याला ऊब हवी आहे त्याने ऊब देणारे साधन घ्यावे. दिव्याचे काम उजेड देण्याचे आहे.

कंपन्यांच्या संगनमताचा मुद्दा या संदेशात सर्वांत जास्त रंगवलेला असतो, आणि त्यातली मूळ घटना खरी आहे. १९२४ च्या डिसेंबरमध्ये जिनिव्हात ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन झाला, ओस्राम आणि फिलिप्ससारखे मोठे उत्पादक त्यात होते, त्यांनी बाजारपेठा वाटून घेतल्या, बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले आणि जास्त टिकणारे बल्ब काढणाऱ्या सदस्यांना दंडही केला. दुसऱ्या महायुद्धामुळे तो संघ मोडला. यात ग्राहकांची लूट झाली याबद्दल मला शंका नाही. पण संदेश इथून जी उडी मारतो ती चुकीची आहे. तारेच्या बल्बमध्ये आयुष्य आणि कार्यक्षमता यांचे वैर आहे. विजेचा दाब अवघा पाच टक्के कमी केला तर बल्बचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, पण उजेड सुमारे १६ टक्क्यांनी घटतो आणि वीज मात्र आठच टक्क्यांनी वाचते. दीर्घायुषी बल्ब म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी जास्त वीज खाणारा बल्ब. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ च्या अहवालात या संघाच्या इतर वागणुकीवर टीका केली, तरी १,००० तास ही तडजोड म्हणून वाजवी असल्याचे नोंदवले होते, ते याच कारणाने. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून तेवत असलेला बल्ब या संदेशात हमखास पुरावा म्हणून येतो. तो आज सुमारे चार वॉटवर जळतो आणि रात्रीच्या झिरो बल्बइतका मिणमिणता उजेड देतो. त्याच्याखाली बसून कोणाला पुस्तक वाचता येणार नाही. शिवाय ज्यांनी आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले त्यांच्यावर राग असेल, तर त्याच बल्बची बाजू घेऊन आपण नेमके काय साधतो, हे मला अजून कळलेले नाही.

पाऱ्याचा मुद्दा सीएफएलबद्दल, म्हणजे वळणदार नळीच्या छोट्या ट्यूबलाइटसारख्या दिव्याबद्दल, होता आणि त्या काळी तो गैरलागू नव्हता. युरोपीय संघाने सप्टेंबर २००९ मध्ये १०० वॉटपासून सुरुवात करून सप्टेंबर २०१२ पर्यंत घरगुती वापराचे साधे बल्ब टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले, तेव्हा बहुतेकांच्या हाती पर्याय म्हणून सीएफएलच पडला. तो पूर्ण उजळायला वेळ घेई, फुटला की काळजी वाटे. माझ्या मते या विषयातला निम्मा राग त्या दिव्यानेच पेरला. त्यातला पारा साधारण पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असे, तर तापमापीत सुमारे ५०० मिलिग्रॅम. पण कमी असला तरी पारा तो पाराच. आज मात्र हा मुद्दा कालबाह्य आहे. एलईडीत पारा नसतो, आणि पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या २०१३ च्या मिनामाता करारातील देशांनी आधी सीएफएल आणि मग २०२७ पर्यंत ट्यूबलाइटसुद्धा बंद करण्याचे ठरवले आहे.

आता उजेडाच्या दर्जाविषयी. इथे मी अधिक सविस्तर लिहितो, कारण संदेशातला सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा डायोड, म्हणजे वीज दिली की निळा उजेड देणारा अर्धवाहकाचा छोटा तुकडा असतो, ज्याच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यावर पिवळसर लेप असतो. निळ्या प्रकाशाचा काही भाग तो लेप पिवळ्या-तांबड्यात बदलतो. लेप कमी किंवा हलका असेल तर उजेड निळसर, बोचरा होतो. नीट असेल तर २,७०० केल्व्हिनपर्यंत तापलेल्या तारेच्या छटेचा, थेट पिवळ्या बल्बसारखा. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१८ मध्ये निष्कर्ष काढला की सर्वसाधारण निरोगी माणसांना एलईडीच्या नेहमीच्या वापरातून थेट अपाय होत असल्याचा पुरावा नाही. त्यामुळे ‘डोळे जातात’ हे विधान टिकत नाही. परंतु लुकलुकण्याची तक्रार खरी आहे. ५० हर्ट्‌झच्या विजेवर दिव्याला सेकंदाला १०० वेळा हिसका बसतो. तापलेली तार एवढ्या अल्प काळात थंड होत नाही, म्हणून तिचा उजेड स्थिर भासतो; एलईडी मात्र क्षणात विझतो आणि क्षणात पेटतो. चांगल्या दिव्यात हा खड्डा भरून काढणारे सर्किट असते, स्वस्तातल्या दिव्यात त्यावरच काटकसर केलेली असते. फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशनने चित्रीकरण केले तर हा फरक कोणालाही पडद्यावर दिसतो. अर्धशिशी असणाऱ्यांना अशा दिव्यांचा त्रास होतो, आणि त्यांची तक्रार हसण्यावारी नेणाऱ्यांनी बल्बविरोधी बाजूचे नुकसानच केले आहे.

टिकाऊपणाचेही तसेच. खोक्यावर १५,००० तास लिहिलेला एक दिवा माझ्याकडे वर्षभरात गेला, तेव्हा मी त्याचे टोपण काढून पाहिले. आत अॅल्युमिनियमच्या चकतीवर पिवळे ठिपके ओळीने बसवलेले होते आणि त्यांतल्या एकाच ठिपक्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग पडला होता. सगळे ठिपके एकाच माळेत जोडलेले असल्याने एक जळला आणि दिवा गेला. तो दिवा मी बंद काचेच्या शेडमध्ये लावला होता; आतली उष्णता बाहेर पडायला वाट नव्हती. ही चूक अंशतः माझी, अंशतः खोक्यावर तशी सूचना न छापणाऱ्याची. या सगळ्यावर कडक मानके हवीत, लुकलुक, रंगांचा खरेपणा आणि प्रत्यक्ष आयुष्य तपासले जायला हवे, अशी मागणी मी स्वतः करतो. पण ती चांगल्या एलईडीसाठीची मागणी आहे.

उत्पादनातल्या ऊर्जेचा हिशेब थोडक्यात उरकता येतो, कारण तो केलेला आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या २०१२ च्या अभ्यासानुसार दोन कोटी ल्यूमेन-तास उजेडासाठी (ल्यूमेन हे उजेड मोजण्याचे एकक), कच्च्या मालापासून वापरापर्यंत सगळे धरून, साध्या बल्बला सुमारे १५,१०० मेगाज्यूल ऊर्जा लागत होती, तर एलईडीला सुमारे ३,९००. यातली सुमारे नव्वद टक्के ऊर्जा दिवा वापरताना खर्च होते. ‘वीज कमी लागते म्हणून लोक दिवे चालूच ठेवतात’ असेही म्हटले जाते. थोडे ठेवतही असतील. पण दिवसाला चार तास जळणाऱ्या ६० वॉटच्या बल्बइतकी वीज खायला तेवढ्याच उजेडाचा नऊ वॉटचा एलईडी २६ तासांहून जास्त वेळ जाळावा लागेल, आणि दिवसात तेवढे तास नसतात.

राहिला स्वातंत्र्याचा प्रश्न. बहुतेक कायद्यांनी बल्ब बाळगायला किंवा जाळायला मनाई केलेली नाही. विक्रीसाठी किमान कार्यक्षमता ठरवली आहे. अमेरिकेत २००७ च्या कायद्यातून आलेली वॉटला ४५ ल्यूमेनची अट ऑगस्ट २०२३ पासून पूर्णपणे लागू झाली, आणि साधा बल्ब वॉटला जेमतेम १३–१५ ल्यूमेन देतो, म्हणून तो बाहेर पडला. तापलेल्या तारेनेही ती अट पूर्ण केली तर तिला कोणी अडवणार नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०१६ मध्ये अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारी उष्णतेची किरणे तारेकडेच परतवणारा दिवा करून ६.६ टक्के कार्यक्षमता गाठून दाखवली होती; डोळ्याला किती उजेड जाणवतो यावरून केलेल्या या मोजमापात साधा बल्ब दोन-तीन टक्क्यांवरच असतो. आणि माझ्या दिव्याचा भार माझ्या उंबरठ्यापुरता राहत नाही. दिवेलागणीला सगळी घरे एकदम उजळतात, नेमकी त्याच वेळी सौर वीज ओसरते, आणि ती तूट भरून काढायला चालवलेल्या केंद्राचा धूर शेजाऱ्याच्याही श्वासात जातो.

शेवटी साठ्याचे आवाहन. ओव्हनमधल्या दिव्यासारखे खास वापराचे बल्ब बहुतेक नियमांतून वगळलेले आहेत, त्यांचा साठा करण्याची गरज नाही. ज्यांना नव्या दिव्यांच्या प्रकाशाचा वैद्यकीय त्रास आहे त्यांनी चार जुने बल्ब जपून ठेवले तर त्यांना नावे ठेवणार नाही. बाकीच्यांनी एवढेच गणित मांडून पाहावे: ६० वॉटचे १०० बल्ब घेऊन ठेवले आणि प्रत्येक बल्ब आपले १,००० तास जगला, तर ते ६,००० युनिट वीज खातील, तेवढाच उजेड एलईडीने ९०० युनिटांत मिळतो. कपाटातली ती शंभर खोकी म्हणजे ५,१०० युनिटांचे जास्तीचे बिल आहे, जे अजून यायचे आहे.