५७ फूट पाणी आणि आईचा बाळकृष्ण

काल फॅमिली ग्रुपवर परत तेच आलं, "देव लाडक्या भक्ताचीच परीक्षा घेतो", खाली हात जोडलेले पंधरा इमोजी. एरवी गप बसतो, काल डोकंच फिरलं म्हणून लिहितोय.

२०१९ चा ऑगस्ट. आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट म्हणजे धोका, त्यावेळी पाणी ५७ च्या वर गेलं. आम्ही गावभागातले, भिंतीवर २००५ च्या पुराची पेन्सिलची खूण, पाणी फार तर तेवढंच येणार म्हणून निवांत. खूण बुडाली तेव्हा पळालो. आठवड्यानं परत आलो तर घरात गुडघाभर रबडी, भिजलेल्या गव्हाचा असला वास की बास, आणि देवघर आडवं. आईनं गाळात हात घालून बाळकृष्ण शोधला, जुन्या टूथब्रशनं त्याच्या कानातला, गुडघ्याखालचा गाळ काढत बसली आणि तोंड चालूच, "लोणी खायला पुढं असतोस, आता कुठं मेला होतास?"

त्याच पुरात ८ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटली. जीव वाचवायला निघालेली माणसं, बायका गेल्या, लेकरं गेली. त्या लेकरांची कसली परीक्षा? आमचे एक काका म्हणाले, पूर्वजन्मीचं असतं बाबा. हे बोलताना ते विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर चहा पीत होते. मोठे आहेत, काय बोलणार.

कुणी म्हणतं यात देवाचा काय संबंध, पूररेषेत प्लॉट पाडले, नाले बुजवले, भोगा. खरंय, पण अर्धंच. आमचं घर आजोबांच्याही आधीचं, आणि पाऊस काय बिल्डरनं पाडला?

मला पटतं ते वेगळंच. हेच पाणी पुढं नरसोबाच्या वाडीला गेलं की तिथं दक्षिणद्वार सोहळा. दत्ताच्या देवळात उत्तरेच्या दारानं कृष्णा आत येते, पादुकांवरनं वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर, आणि लोक अंघोळीला पळतात, लहानपणी आम्ही पण गेलोय. पाणी अजून चढलं की उत्सवमूर्ती उचलून वर गावात नेतात. म्हणजे दत्त महाराजच पूरग्रस्त! वर वही घेऊन हिशेब मांडत बसलेला देव मला नको, हा आपल्याबरोबर भिजणारा चालेल. मग तो सर्वशक्तिमान कसला असं मित्र विचारतो, त्याचं उत्तर माझ्याकडं खरंच नाही. दोन्हीतलं एकच ठेवायचं झालं तर मी त्याची शक्ती सोडीन, माया नाही सोडणार. लॉजिकमधे बसत नसेल तर नसू दे.

२०२१ च्या जुलैत परत पाणी चढायला लागलं. मी कागदपत्रांची फाईल शोधतोय तोवर आईनं बाळकृष्ण चपातीच्या डब्यात घातला, वर फडकं दाबलं आणि झाकण लावता लावता त्याला म्हणाली, "चल, तुला कुठं पोहायला येतंय."