मोरीत घातलेला घाट

वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेवर जो घाट आहे, त्याचे एक कृष्णधवल छायाचित्र मी गेल्या हिवाळ्यात फिल्मवर टिपले. उन्हात उजळलेल्या पायऱ्या, आणि १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणली असे सांगितले जाते ती प्रचंड घंटा जिच्यात टांगलेली आहे, त्या दगडी घुमटीतला काळाकभिन्न अंधार, असा सरळ दोन तुकड्यांचा मामला होता. त्याचे ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावरची प्रत, झकास उतरले. तेथेच थांबलो असतो, तर आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेत माझ्या नावाचा स्वतंत्र विषय निघाला नसता.

परंतु मला अंधार वांग्याच्या सालीसारखा जांभळट काळा हवा होता आणि ऊन मधासारखे. एकाच ब्रोमाइडवर असे दोन रंग वठवण्याच्या खटाटोपाला स्प्लिट टोनिंग म्हणतात. कागदावरची प्रतिमा म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण. सेलेनियम टोनर, म्हणजे रंग पालटणारे द्रावण, प्रथम दाट चांदीवर, म्हणजे सावल्यांवर हात टाकतो. उलट ब्लीच प्रथम विरळ चांदी, म्हणजे उजेड खाऊन टाकते. म्हणून ब्रोमाइड आधी सेलेनियममध्ये बुडवायचे आणि सावल्यांचा रंग पालटला, पण उजेडापर्यंत पाणी पोहोचले नाही, अशा घटकेला बाहेर काढायचे. मग धुऊन ब्लीचमध्ये सोडायचे; सेलेनियमने धरलेल्या सावल्यांना ब्लीच काही करू शकत नाही, उजेड मात्र फिकट होऊ लागतो. तो पुरेसा फिकटला की पुन्हा धुऊन सेपियाच्या द्रावणात घालायचे, म्हणजे गेलेला उजेड तपकिरी होऊन परत येतो.

वाचायला हे सोपे आहे. सगळी मेख ‘अर्ध्यावर काढणे’ या दोन शब्दांत आहे. ताटात अर्धवट टाकू नये, काम अर्धवट सोडू नये, अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाकडून ही विद्या नेमक्या वेळी नेमके अर्धवट सोडण्याची अपेक्षा करते. त्यातून मी असा गृहस्थ आहे, की एकतीस वर्षांच्या संसारात दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितल्यावर ते उतू जाण्याआधी गॅस बंद करणे मला एकदाही साधलेले नाही.

आमची डार्करूम म्हणजे आमची मोरी. कमोडवर फळी, फळीवर तीन ट्रे आणि दाराबाहेर आंघोळीच्या प्रतीक्षेत उरलेले कुटुंब. प्रिंट काढताना लाल दिवा लागतो. टोनिंग मात्र साध्या उजेडात चालते. ही गोष्ट घरच्यांना कळू न देण्याइतका धोरणीपणा मी दाखवायला हवा होता, कारण ती कळल्यापासून दार केव्हाही उघडण्याचा परवाना सर्वांना मिळाला.

पहिला प्रयत्न पाण्याने बुडवला. मी वापरतो तो फायबर कागद हायपो, म्हणजे प्रतिमा पक्की करणारे रसायन, स्पंजासारखा पिऊन बसतो आणि तो हायपो निघून जायला वाहत्या पाण्यात तासभर धुणे लागते. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी दीड तास असते आणि त्यावर माझा हक्क सर्वांत शेवटी. मी पंधरा मिनिटांत धुणे आटोपले, आणि अर्धवट धुतलेल्या कागदाला सेलेनियमने जे करायचे तेच केले. पायऱ्यांवर पिवळे डाग उमटले. आईने ते पाहून घाटावर कोणाची हळद होती का, असे विचारले.

दुसऱ्या प्रयत्नासाठी मी सेपियाची जुनी, स्वस्त रीत निवडली. तिच्यात सोडियम सल्फाइड लागते आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, हे मी वाचले होते. पण वाचणे वेगळे आणि चार बाय सहाच्या मोरीत श्वास घेणे वेगळे. शिवाय ब्लीचच्या बाटलीवर ‘पोटॅशियम फेरीसायनाइड’ असे लिहिलेले होते, त्यातला उत्तरार्ध सौभाग्यवतींनी मोठ्याने वाचला. हा क्षार नेहमीच्या वापरात त्या नावाइतका भयंकर नसतो, फक्त त्याला तीव्र आम्लापासून दूर ठेवावे लागते, आणि सल्फाइडला तर कोणत्याही आम्लाचे वारेसुद्धा लागू द्यायचे नसते, कारण त्यातून निघणारा वायू खरोखरच विषारी असतो, असे मी समजावून सांगितले. “आणि संडास धुण्याचे ॲसिड कुठे असते, अहो?” असे त्यांनी विचारले. ते फळीखालीच, ट्रेपासून वीतभर अंतरावर होते. ती बाटली त्याच क्षणी बाल्कनीत गेली, आणि या घरात रसायनशास्त्र कोणाला येते, हा प्रश्न कायमचा मिटला.

मी खिडकी उघडून एक्झॉस्ट लावला. आमच्या एक्झॉस्टची हवा डक्टमध्ये जाते आणि डक्टमध्ये पाचही मजल्यांच्या मोऱ्या उघडतात, हे मला घर घेताना कोणी सांगितले नव्हते. सेपिया चढू लागला आणि दहा मिनिटांत जिन्यात पळापळ सुरू झाली. दुसऱ्या मजल्याने सिलिंडर गळतोय म्हणून गॅस बंद केले. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा तर्क अधिक गंभीर होता: कोणीतरी अंडी उकडतो आहे, आणि तीही शिळी. सेक्रेटरी दारात आले तेव्हा माझ्या हातात मोजे, नाकावर रुमाल आणि चिमट्यात ठिबकणारा मेणवलीचा घाट होता. हा सेपिया आहे, असे मी सांगितले. सेपिया हे नाव मुळात माकुळाच्या शाईवरून आलेले आहे, ही माहितीही मी उत्साहाच्या भरात पुरवली. त्यामुळे अंड्यांचा संशय फिटला आणि मासळीचा सुरू झाला.

या वासाने आणखी दोन पराक्रम केले. माळ्यावर ठेवलेल्या कोऱ्या ब्रोमाइड कागदांचे पाकीट त्या वायूने धुरकटून गेले. पुढे त्यातून निघालेल्या प्रत्येक छायाचित्रावर धुके होते. दुसरे म्हणजे देवघरातली चांदीची निरांजने काळवंडली. चांदी आणि गंधक यांचा संयोग तोच, कागदावर तपकिरी आणि निरांजनावर काळा. आई शांतपणे म्हणाली, “आम्ही जन्मभर चांदी काळी पडू नये म्हणून घासतो. तू पैसे मोजून काळी करतोस.” प्रक्रियेचे इतके अचूक वर्णन मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

मग मी थायोयुरियाचा बिनवासाचा सेपिया आणला. तिसऱ्या प्रयत्नात धुणे चोख झाले, सेलेनियम एकास नऊ घेतले, सावल्या तंतोतंत वांग्याच्या सालीवर आल्या. ब्लीच दसपट पातळ केले, म्हणजे ते सावकाश चालावे. वरच्या पायऱ्या विरू लागल्या आणि त्या क्षणी कुरिअरवाला आला. सही करून, ओटीपी सांगून, तो चुकला म्हणून पुन्हा सांगून परत येईपर्यंत मधल्या छटाही विरून गेल्या होत्या. सेपियात घातल्यावर सगळा घाट गुळाच्या रंगाचा झाला आणि त्यात घुमटी तेवढी जांभळी, गुळाला लागलेल्या मुंगळ्यासारखी.

चौथ्या वेळी सौभाग्यवतींनी दाराशी पाट मांडला. कोणी आले तर त्या बघणार, असे ठरले होते. प्रत्यक्षात त्या ट्रेकडे बघत बसल्या. मी एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात न रंगवलेली ओली प्रत धरून तुलना करीत होतो. सेलेनियममध्ये अजून अर्धा मिनिट हवे, असा माझा हिशेब होता. “काढा आता,” त्या म्हणाल्या. अजून रंग आला नाही, असे मी म्हटले. “लाडवाचे बेसन रंग आल्यावर उतरवले तर करपते. कढई उतरवली तरी ते आत भाजतच असते.” मी काढले, आणि खरोखरच, पाण्याखाली धरेपर्यंत कागदात मुरलेले सेलेनियम काम करीत राहिले व सावल्या जिथे हव्या तिथे आल्या. ब्लीचमध्येही आज्ञा त्यांचीच, सेपियातही.

घाट आता दिवाणखान्यात लागला आहे. घुमटी जांभळट काळी, पायऱ्या मधाच्या, आणि दोहोंच्या मधली सीमा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही. पाहुणे फोटो जुना आहे का, असे विचारतात. मेहुण्याने तसाच एक स्वतःसाठी मागितला, तेव्हा मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि त्या दिवशी सेलेनियममध्ये किती मिनिटे, ब्लीचमध्ये किती सेकंद, असे विचारले. त्या पोळी लाटत होत्या.

“अंदाजाने,” त्या म्हणाल्या. वहीत मी तसेच लिहिले आहे.