दाखला न मागणारी भिंत

कोविडमध्ये गेलेल्यांसाठी बडोद्यात एक भिंत रंगवावी असं मी सुचवलं, तर दांडिया बाजारातल्या काकांनी फोनवरच विषय संपवला. "आपण श्राद्धपक्ष करतो ना? नावं रस्त्यावर कशाला?"

त्यांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतली जातात. असा आधार इथे लंडनमध्ये माझ्या शेजाऱ्यांना नाही. पण श्राद्ध ज्याच्या त्याच्या घरात होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुःख सगळ्या गावावर कोसळलं, आणि कित्येकांना आपल्या माणसाचं तोंडही बघायला मिळालं नाही.

इथे थेम्सच्या काठी, संसदेच्या अगदी समोर, सेंट थॉमस रुग्णालयाला लागून असलेल्या भिंतीवर २०२१ च्या मार्चअखेर घरच्यांनीच लाल हृदयं काढायला घेतली. माणसामागे एक. भिंत जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब आहे आणि हृदयं दोन लाखांच्या वर. पहिल्या पेनांची शाई उन्हापावसात उडाली, नावं दिसेनाशी झाली. तेव्हापासून स्वयंसेवक टिकाऊ रंग घेऊन येतात, एकेक हृदय पुन्हा भरतात, पुसट नाव पुन्हा लिहितात. त्यातले बरेच जण स्वतःच कुणाला तरी गमावून बसलेले. माझ्या मते खरं स्मारक म्हणजे हे पुन्हा पुन्हा रंगवणंच.

शिवाय ही भिंत मृत्यूचा दाखला मागत नाही. गुजरातेत कोविडमृत्यूंचा अधिकृत आकडा दहा हजारांच्या आसपास होता, आणि जानेवारी २०२२ पर्यंत गेलेल्यांच्या घरच्यांनी मदतीसाठी केलेले अडुसष्ट हजारांहून जास्त अर्ज खुद्द सरकारनेच मंजूर केले होते. मधली माणसं कुठल्या यादीत शोधायची? कागदावर कारण काहीही असो, घरच्यांना माहीत असतं. त्यांनी ब्रश हातात घ्यावा.

गायकवाडांच्या स्मरणार्थ सयाजीरावांनी बडोद्यात कीर्तिमंदिर बांधलं, चित्रकार नंदलाल बोस यांनी त्याच्या भिंती रंगवल्या. राजघराण्याला मिळालं ते रावपुऱ्यातल्या, वाडीतल्या साध्या माणसालाही मिळावं. बडोदा विद्यापीठातली फाइन आर्ट्सची मुलं रंग कोणता टिकेल, भिंतीला अस्तर कसं द्यायचं ते शिकवतील. चित्र मात्र त्यांनी काढू नये. ते मुलीने, नवऱ्याने, नातवाने काढावं, वेडंवाकडं आलं तरी. नाव मराठीत, गुजरातीत, उर्दूत, ज्याच्या त्याच्या घरच्या लिपीत. महापालिकेकडे मागणं एवढंच, की पुढच्या सुशोभीकरणात त्या भिंतीवर चुना फिरवू नये.